एका खोलीत सहाशे चाळीस बिऱ्हाडं

टपालबाईंनी एकतीस वर्षं घरोघर पत्रं वाटली होती, त्यामुळे पत्ता म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. पत्ता म्हणजे दार, आणि दारामागे माणूस. माणूस नसला तर कुलूप, आणि कुलूप असलं तर शेजारचं कोणीतरी खिडकीतून डोकं काढून सांगणारच, "गावाला गेलेत, सोमवारी येतील." यापलीकडे पत्त्यात काही असू शकतं हे त्यांना कळलं ते वयाच्या बासष्टाव्या वर्षी, परक्या देशात, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर. आणि तेही स्वतःच्या हातानं भलामोठा घोळ घालून ठेवल्यावर.

त्याचं असं झालं. बाईंची एकुलती एक लेक सहा वर्षांपूर्वी त्या देशात कामाला गेली आणि दोन वर्षांपूर्वी तिनं आईलाही बोलावून घेतलं. कागदोपत्री लेकीचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण आईसाठी ती बबडी. ही बबडी आता चौतीस वर्षांची, हातात कायम पाना, नखांत काळं ग्रीस. एका मोठ्या हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये ती व्हीलचेअर दुरुस्त करायची. एक दिवस हॉस्पिटलनं जाहीर केलं की महिनाअखेरीला वर्कशॉप बंद, यापुढे दुरुस्ती बाहेरून करून घेणार.

दुसरी कोणी असती तर हातपाय गाळून बसली असती. बबडी म्हणाली, बाहेरून ना, मग बाहेरची मीच होते. एक जुनी व्हॅन, तिच्यात अवजारं, आणि ज्याची खुर्ची बिघडली त्याच्या घरी जाऊन दुरुस्ती. "आई, तू विचार कर," ती म्हणाली, "ज्याची खुर्ची मोडली तो ती घेऊन दुकानात येणार कसा? तो तर तिच्यातच बसलेला असतो!" हे बाईंना एकदम पटलं. पत्र माणसाकडे जातं, माणूस पत्राकडे येत नाही, हे त्यांनी जन्मभर केलेलंच होतं.

पण परक्या माणसाला त्या देशात राहायचं तर परवाना लागतो, आणि बबडीचा परवाना नोकरीला बांधलेला होता. नोकरी संपली की परवाना संपला. स्वतःची कंपनी नोंदवली तर त्या कंपनीच्या नावावर नवा परवाना मिळणार होता. महिनाअखेरीपर्यंत कंपनी उभी नाही राहिली तर मायलेकींनी बॅगा भरायच्या, इतकं ते सरळ होतं.

आणि सगळं घोडं अडलं अर्जाच्या एका रकान्यात. कंपनीचा अधिकृत पत्ता.

बबडीनं व्हॅनचा नंबर लिहिला, तो कापला गेला. भाड्याच्या घराचा पत्ता लिहिला, तर घरमालकाच्या करारात धंद्याला मनाई. टपालपेटीचा नंबर दिला, तोही चालेना. पत्ता असा हवा की ठरलेल्या वेळात तिथं जिवंत माणूस भेटेल, कंपनीच्या नावाचा कागद हातात घेईल आणि सही देईल. शिवाय कंपनीच्या नावाची पाटी दिसेल अशी लावलेली असली पाहिजे.

"व्हॅनला पत्ता नसतो म्हणे!" बबडी फणकारली.

"बरोबरच आहे की," बाई म्हणाल्या. सरकारच्या बाजूनं बोलायची त्यांची खोड जुनीच. "जी वस्तू एका जागी ठरत नाही तिला पत्र द्यायचं कसं?"

बबडीनं आईकडे असं काही पाहिलं की बाई मुकाट्यानं भाजी निवडायला लागल्या.

शेवटी वर्कशॉपमधल्या कोणीतरी बबडीला पत्ताघराची वाट दाखवली. तिथं म्हणे कंपन्यांना राहायला जागा मिळते. बाईंना वाटलं, मोठी इमारत असेल, लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या. दोघी जिना चढून वर गेल्या, बबडीनं दार ढकललं, आणि टपालबाईंचे पाय उंबऱ्यावरच थबकले.

खोली एकच होती. फार तर चार पलंग मावतील एवढी. पण तिच्या तीन भिंती जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खणांनी भरलेल्या होत्या. एकेक खण वीतभर रुंद, त्याच्याखाली बोटभर पाटी, पाटीवर एका कंपनीचं नाव. शिड्या भाड्यानं देणारी कंपनी. काचेचे डोळे बनवणारी. मधमाश्यांच्या पेट्या विकणारी. समुद्राखालच्या तारा तपासणारी, आणि तिच्या शेजारच्याच खणात बाळांचे मोजे विणणारी. मधोमध एक टेबल, एक खुर्ची, एक स्टूल, आणि खुर्चीत पन्नाशीच्या एक बाई वाफाळता चहा पीत बसलेल्या. बबडीनं त्यांचं नाव पहिल्याच दिवशी खणकाकू ठेवलं आणि तेच पडलं.

"सहाशे चाळीस," खणकाकू म्हणाल्या. "काल एक बंद पडली, नाहीतर एक्केचाळीस."

"आणि ह्या सगळ्यांची ऑफिसं कुठायत?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही उभ्या आहात ना, तिथंच."

बाईंच्या बीटमध्ये, म्हणजे वाटपाच्या भागात, चारशे दहा घरं होती. तेवढ्यांसाठी त्या रोज अकरा किलोमीटर चालायच्या, तीन चढ, दोन नाले आणि एक चावरं कुत्रं. इथं सहाशे चाळीस बिऱ्हाडं एका खोलीत गुण्यागोविंदानं नांदत होती. पाण्यावरून भांडण नाही, जिना कोणी झाडायचा यावरून रुसवेफुगवे नाहीत. बाई हळूहळू एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पाट्या वाचत गेल्या. त्या देशाची लिपी त्या दारांवरच्या पाट्या वाचूनच शिकल्या होत्या, त्यामुळे हे त्यांना सवयीचं होतं, पण एवढ्या दाट वस्तीतून त्या कधी फिरल्या नव्हत्या.

"अहो, पण ह्या कंपन्या खऱ्या आहेत ना?"

"एकदम खऱ्या. त्या काचेच्या डोळेवाल्याकडे चाळीस माणसं आहेत, कारखाना इथून दोन दिवसांच्या वाटेवर. तो इथं एकदाच आला. बायकोला घेऊन आला होता, नवे कपडे घालून. मी त्याला त्याचा खण दाखवला. मला वाटलं, हिरमुसेल बिचारा. तर त्यानं खणात असा तळवा ठेवला आणि डोळे मिटून उभा राहिला." खणकाकूंनी चहाचा घोट घेतला. "ताई, कंपनीला हात नसतात, पाय नसतात, तोंड नसतं. तरी ती करार करते, कोर्टात उभी राहते, मालक मेला तरी जगते. आता अशा वस्तूला सरकारनं धरायचं कुठं? म्हणून सरकार म्हणतं, तुला काय व्हायचं ते हो. पण सापडशील कुठं ते आधी सांग."

बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. एकतीस वर्षं खांद्यावर पिशवी घेऊन हिंडताना त्यांना वाटायचं की आपलं काम म्हणजे सरकारच्या कारभारातलं शेवटचं, किरकोळ टोक. आणि इथं कळत होतं की नवी वस्तू जन्माला घालताना सरकार पहिला प्रश्न हाच विचारतं. बाप कोण विचारत नाही, कमाई किती विचारत नाही, फक्त सापडशील कुठं एवढंच विचारतं. त्या स्टुलावर टेकल्या. बबडीला वाटलं, जिना चढून दम लागला असेल.

तर बबडीच्या कंपनीला खिडकीच्या बाजूचा, खालून चौथा खण मिळाला. आता राहिली तपासणी. परक्या माणसाची कंपनी असली की अर्जानंतरच्या कामाच्या दहा दिवसांत, दहा ते चारच्या दरम्यान, तपासनीस न सांगता येतो आणि पत्ता जिवंत आहे का ते पाहतो. त्या वेळी कंपनीचं स्वतःचं माणूस तिथं हवं, खणकाकू असून भागत नाही. बबडीचे तर वर्कशॉपमधले शेवटचे दिवस, रजा मिळायचं नाव नाही.

"मी बसते," बाई म्हणाल्या. "रिटायर माणसाला बसायचंच काम असतं."

त्या संध्याकाळी बबडीनं चौदा कागद आईपुढे ठेवले. जिथं सही हवी तिथं पेन्सिलीनं फुल्या. एकतीस वर्षं दारोदार "वाचल्याशिवाय सही करू नका" असं बजावत फिरलेल्या टपालबाईंनी त्या चौदाही कागदांवर एका दमात सह्या ठोकल्या, कारण एक तर ती कोर्टकचेरीची भाषा, दुसरं म्हणजे गॅसवर दूध, आणि तिसरं म्हणजे लेकीचे कागद, त्यात वाचायचं काय?

दुसऱ्या दिवसापासून बाई पावणेदहाला पत्ताघरात हजर. आधी दोन दिवस त्या नुसत्या पाहुण्यासारख्या बसल्या. तिसऱ्या दिवशी टपालाची थैली आली आणि खणकाकू एकेक पाकीट डोळ्यांजवळ धरून खण शोधायला लागल्या, तेव्हा बाईंना राहवेना. त्यांनी गठ्ठा डाव्या हातावर घेतला, खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि उजवा हात सोडला. खणकाकूंना दोन तास लागायचे ते काम पस्तीस मिनिटांत उरकलं. एक पाकीट चुकलं नाही.

"अहो, तुम्हाला सहाशे चाळीस खण पाठ झाले?" खणकाकूंनी तोंडात बोट घालायचंच बाकी ठेवलं होतं.

"पाठ कसले, ओळख झाली," बाई म्हणाल्या, आणि लाजल्या.

सहाव्या दिवशी खणकाकूंची दाढ भयंकर ठणकायला लागली. खालच्या मजल्यावर दंतवैद्य होता. "अर्ध्या तासात येते," म्हणून त्या गेल्या, आणि दहा मिनिटांत दारात एक तरुण माणूस उभा राहिला. खांद्याला पिशवी, बुटांवर धूळ. बूट पाहूनच बाईंना तो आवडला. पायी चालणारा माणूस त्यांना लगेच ओळखू यायचा.

तो तपासनीस होता. त्यानं कंपनीचं नाव वाचून विचारलं, "ही कंपनी या पत्त्यावर आहे का?"

"आहे ना. ती बघा पाटी."

त्यानं पाटीचा फोटो काढला, खण मोजला, बाईंचं ओळखपत्र पाहिलं. सगळं झकास चाललं होतं. मग त्यानं पिशवीतून एक लाखबंद पाकीट काढलं आणि पुढे केलं. "हे घ्या, मावशी. इथं सही करा."

बाईंनी हात पुढे केला नाही. आधी नाव वाचलं. वर कंपनीचं नाव, खाली बबडीचं, पूर्ण.

"हे माझ्या लेकीच्या नावाचं आहे. ती कामावर आहे."

"तुम्ही घेतलंत की चालतं."

हे 'चालतं' बाईंनी पूर्वी एकदा ऐकलं होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका विधवा बाईचं रजिस्टर पत्र त्यांनी अंगणात उभ्या असलेल्या तिच्या दिराच्या हाती दिलं होतं. "वहिनी आंघोळीला गेल्यात, मी देतो, चालतं हो," तो म्हणाला होता. त्यात कोर्टाची तारीख होती. दिरानं ते पत्र दिलंच नाही. वहिनींना कळलं तेव्हा त्यांचं सामान रस्त्यावर आलं होतं. बाईंना कोणी बोल लावला नाही, पावतीवर सही होती, कागद चोख होता. वहिनीसुद्धा नुसत्या बाईंकडे पाहत राहिल्या. त्या दिवसापासून बाईंनी कानाला खडा लावला तो लावलाच.

"ज्याचं नाव त्याच्याच हातात द्या, साहेब," त्या म्हणाल्या. "साडेचारनंतर या, ती असेल."

"साडेचारला माझं काम संपतं. मावशी, तुम्ही पाकीट नाकारताय का?"

"नाकारतेच समजा."

त्यानं नियमाप्रमाणे तीनदा विचारलं. बाईंनी तीनदा नकार दिला, दर वेळी आवाज जरा अधिकच ठाम. त्यानं फॉर्मवर काहीतरी लिहिलं, पाकीट पिशवीत टाकलं आणि गेला. जाताना बाईंनी त्याच्या अक्षराचं कौतुकसुद्धा केलं. मग त्या खुर्चीत जरा ताठ बसल्या. फार दिवसांनी आपण खात्यात असल्यासारखं त्यांना वाटत होतं.

खणकाकू गालाला हात लावून, तोंडात कापसाचा बोळा धरून वर आल्या. बाईंनी मोठ्या अभिमानानं सगळी हकीकत सांगितली. खणकाकूंच्या तोंडातला बोळा टेबलावर पडला.

"ताई! अहो, ते पाकीट घेणं म्हणजेच तर तपासणी! बाकी सगळं नुसतं दाखवायचं! नाकारलं म्हणजे पत्ता मेला!"

"मला कोणी सांगितलं नाही," बाई म्हणाल्या.

"एकतीस वर्षं टपालात काढलेल्या बाईला पाकीट घ्या म्हणून सांगायचं असतं?"

संध्याकाळी बबडी आली. तिनं सगळं ऐकून घेतलं, हातांना साबण लावला, आणि नळाखाली नखांतलं ग्रीस घासत राहिली.

"आई," शेवटी ती म्हणाली, "तू माझी आई आहेस की टपालखात्याची?"

बबडी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं जेवायला वाढलं, आईच्या ताटात आठवणीनं दुसरी वाटी ठेवली, आणि मग कपाटावरची मोठी बॅग काढून तिची चेन चालते का ते पाहिलं. स्वतःची इतकी लाज बाईंना आयुष्यात वाटली नव्हती. चुकीचं वागल्याची लाज निराळी असते, ती माणसाला सोसवते. ही लाज बरोबर वागल्याची होती.

सकाळी त्या कोणाला न सांगता नोंदणी कचेरीत गेल्या. पत्ता शोधायला त्यांना कोणाची मदत लागत नव्हती. कचेरीचं दालन केवढं तरी लांब, आणि दोन्ही बाजूंना उंच कपाटं. डावीकडे चालू कंपन्या, उजवीकडे बंद. शंभर शंभर वर्षांच्या फायली, प्रत्येकीच्या पाठीवर नावाच्या आधी पत्ता लिहिलेला. बाई मधल्या वाटेनं चालल्या, त्यांचा पदर आपोआप डोक्यावर गेला. एवढ्या दारांना आपण कधीच पुरलो नसतो, असं त्यांच्या मनात आलं.

कालचा तपासनीस टोकाच्या टेबलाशी होता. बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, चूक माझी आहे, लेकीची नाही. मी कोण नाकारणारी? माझा काय अधिकार? माझा नकार धरू नका."

त्यानं त्यांना बसायला खुर्ची दिली आणि फाईल काढली. "मावशी, तुम्ही अशाच तिथं बसलेल्या कोणी असतात तर मी तो धरलाच नसता. परत आलो असतो, इतकंच. पण हे बघा."

नववा कागद होता तो. बाईंनी चष्मा लावला. छापलेलं होतं, कंपनीच्या वतीनं पत्त्यावर सापडणारी व्यक्ती. त्यापुढे बबडीच्या नीटस अक्षरात बाईंचं नाव, त्यांच्या दिवंगत नवऱ्याचं नाव, आडनाव. नातं, आई. खाली पेन्सिलीची फुली, आणि फुलीवर त्यांचीच झोकदार सही.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग बोट ठेवून तिसऱ्यांदा.

"म्हणजे ते पाकीट..."

"तुमचंच होतं," तो म्हणाला. "कंपनीला द्यायचं म्हणजे तुम्हालाच द्यायचं. दुसऱ्या कोणाच्या हातात मी दिलं असतं तर माझी नोकरी गेली असती."

बाईंनी मान वर केली. समोर हजारो फायली होत्या, आणि त्यांतल्या एकीत, परक्या देशाच्या कपाटात, त्यांचं नाव होतं. त्या इतके दिवस पत्ता बघायला भिंतीकडे पाहत होत्या. तो खण, ती पाटी, तो दुसरा मजला, यांना पत्ता समजत होत्या. पण भिंतीला सही करता येत नाही. खणाला हो म्हणता येत नाही. सरकारनं बबडीला विचारलं होतं, तुझी कंपनी सापडेल कुठं, आणि बबडीनं लिहिलं होतं, आईकडे. पत्ता त्या स्वतःच होत्या. आणि एकतीस वर्षं पत्ते शोधणाऱ्या बाईला नेमका तोच सापडला नव्हता.

"काही करता येईल का हो?" त्यांनी विचारलं.

"ज्यानं नाकारलं त्यानंच लेखी मागे घेतलं तर मुदतीत आणखी एक फेरी. एकच. तीन दिवस उरलेत. केव्हा येईन ते सांगणार नाही." त्यानं कोरा कागद पुढे सरकवला. "कारण लिहा. जसं असेल तसं."

बाईंनी बराच वेळ पेन हातात धरलं आणि एकच ओळ लिहिली. ते पत्र माझं आहे हे मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे.

तपासनीसानं ती वाचली. "चार वर्षं मी हे काम करतोय," तो म्हणाला. "लोक माझ्या हातून पाकीट ओढून घेतात, नावसुद्धा बघत नाहीत. हे माझं नाही असं म्हणणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं." आणि त्यानं कागदावर शिक्का मारला.

घरी बबडीला सगळं सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "मी बसते तीन दिवस. नोकरी गेली खड्ड्यात, तशीही जातेच आहे."

"तुझं नाव नाही त्या रकान्यात," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "बबडे, माझं का घातलंस गं? इथलं कोणी तुझ्या ओळखीचं घ्यायचंस. इथल्या माणसाला सगळं ठाऊक असतं, त्यानं घोळ घातला नसता."

बबडी भांडी पुसत होती. ती मागे न वळता म्हणाली, "अर्जात सूचना होती, दहा ते चार हमखास सापडेल असं माणूस लिहा. हमखास. मी खूप विचार केला आई. मला दुसरं कोणी सुचलंच नाही."

मग बाईंनीही एक फडकं घेतलं आणि दोघींनी मिळून पुसलेलीच भांडी पुन्हा पुसली.

पहिल्या दिवशी बाईंनी जागा सोडली नाही. चहा घेतला नाही, पाणी बेतानं, न जाणो उठावं लागलं तर! जिन्यावर पाऊल वाजलं की त्या उठून उभ्या राहायच्या. पाणीवाला आला, खिडक्या पुसणारा आला, मोज्यांच्या कंपनीसाठी एक पार्सल आलं. खणकाकू म्हणाल्या, "ताई, जरा पाठ टेका, तो काही चोरासारखा येऊन पळून जाणार नाही." बाईंनी पाठ टेकली नाही. चार वाजले, कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर रस्त्यावर ऊन आणि रहदारी, खाली चष्म्याच्या दुकानात कोणीतरी मोठ्यानं आकडे वाचून दाखवत होतं, तेव्हा तो आला. तेच बूट, तीच पिशवी. त्यानं ओळख दाखवली नाही. कामाच्या वेळी दाखवायची नसते, हे बाईंना समजत होतं.

"ही कंपनी या पत्त्यावर आहे का?"

बाई उभ्या राहिल्या. खणाकडे त्यांनी बोट दाखवलं नाही, पाटीकडेही नाही.

"आहे," त्या म्हणाल्या. "मीच."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि त्यानं पाकीट त्या हातांत ठेवलं. लाखो पाकिटं त्यांच्या हातांतून गेली होती, पण सगळी जाण्यासाठी आलेली. हे तिथंच थांबलं. पाकीट एका हातात घट्ट धरून बाईंनी दुसऱ्यानं सही केली, आणि खणकाकूंनी पावती दाबून धरली. तपासनीसानं घड्याळ पाहून तिच्यावर वेळ लिहिली, दोन वाजून दहा मिनिटं, एक प्रत टेबलावर ठेवली आणि आल्या पावली जिना उतरून गेला.

"उघडा ना," खणकाकू म्हणाल्या.

"मी?"

"मग कोण? तुमचं आहे."

बाईंनी आयुष्यात दुसऱ्याचं पाकीट उघडलं नव्हतं. त्यांनी लाख जपून सोडवली. आत एकच कागद होता. वर बारा आकड्यांचा क्रमांक, आणि खाली दोन ओळी. आपली कंपनी हे पत्र स्वीकारल्याच्या वेळेस अस्तित्वात आली असे समजावे. सदर वेळ पावतीवर पाहावी.

बाईंनी पावती उचलली. वेळ होती. वेळेखाली त्यांची सही होती. म्हणजे तोवर काहीच नव्हतं, नुसता अर्ज होता. आणि मग त्यांच्या ओंजळीत, भर दुपारी, या खोलीत, एक नवी वस्तू जगात आली होती, जी करार करणार होती, कोर्टात उभी राहणार होती, त्यांच्यामागे आणि बबडीच्याही मागे कदाचित जगणार होती. बाईंनी भिंतीवरच्या सहाशे चाळीस नावांकडे पाहिलं. प्रत्येकाच्या मागे अशीच एक घटका असेल, आणि कोणाचे तरी असेच दोन हात. त्यांचे डोळे भरून वाहायला लागले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

फोन लागला तेव्हा बबडी कोणाच्या तरी खुर्चीखाली आडवी होती. पान्याची खडखड ऐकू येत होती.

"आई? काय झालं? आला होता का?"

बाईंनी पावती पुन्हा डोळ्यांसमोर धरली.

"आई, बोल ना गं!"

"दोन वाजून दहा मिनिटांनी," टपालबाई म्हणाल्या. "माझ्या हातात झाली गं, बबडे. माझ्या हातात."

पलीकडची खडखड थांबली.